आधी बांधणी, मग निवडणूक

प्रिय मित्रा,

करारावर परस्पर सह्या झाल्या, गेट मीटिंगमध्ये तो घाईघाईने वाचून दाखवला, प्रश्न विचारायला उठलेल्याच्या हातातून माईक काढून घेतला आणि नव्या भरतीच्या मुलांना जुन्यांपेक्षा खालची वेतनश्रेणी लागली. तुझ्या पत्रातलं हे सगळं वाचताना मला एकाही गोष्टीचं नवल वाटलं नाही, राग मात्र आला. एकाच मशीनवर, एकाच शिफ्टमध्ये, एकच काम करणाऱ्या दोघांच्या पगारात एवढी तफावत युनियनच्या सहीने पडावी, ही संघटनेच्या मुळावर येणारी गोष्ट आहे. तुम्ही दहा-बाराजणांनी येत्या निवडणुकीत पॅनेल उभं करायचं ठरवलं आहे. ते करा, पण त्याआधी मला जे सांगायचं आहे ते शांतपणे वाच.

तुमच्यातल्या काहींना ही युनियन सोडून दुसरी काढायची आहे, असं तू लिहिलंस. माझा याला विरोध आहे. रागाच्या भरात काढलेल्या दुसऱ्या युनियनचा पहिला फायदा मॅनेजमेंटला होतो. महाराष्ट्रात 1971 च्या कायद्याने मान्यता, म्हणजे मालकाशी बोलणी करायचा कायदेशीर हक्क, मिळवायची तर अर्जाच्या आधीचे सहा महिने किमान 30 टक्के कामगार सभासद असावे लागतात, आणि मान्यता आधीच कुणाकडे असेल तर त्यांच्यापेक्षा जास्त सभासद दाखवावे लागतात. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत, एकापेक्षा जास्त युनियन असतील तिथे वाटाघाटीचा एकट्याचा अधिकार मिळवायला हजेरीपटावरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. तुमच्या कारखान्याला आज नेमकं काय लागू होतं ते कामगार वकिलाकडून लेखी घ्या. पण आकडा कुठलाही असो, तेवढी माणसं तुमच्या पाठीशी असतील तर ती याच युनियनच्या निवडणुकीत तुम्हाला निवडून देऊ शकतात. आणि नसतील, तर वेगळा झेंडा लावून काय साधणार?

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास तुझ्या पिढीने या नजरेने वाचायला हवा. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली त्या भागातल्या कापड धंद्यासाठी एकच प्रातिनिधिक युनियन असे. तो दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता आणि मालकांशी बोलायचा हक्कही त्याच्याकडेच. 1981 मध्ये संघाने केलेली बोनसची तडजोड कामगारांना मान्य झाली नाही. ते आपण होऊन कामगार नेते दत्ता सामंतांकडे गेले, त्यांना पुढे व्हायला लावलं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संघाची पकड कामगारांवर उरली नव्हती, हे गिरणगावात सगळ्यांना दिसत होतं. कायद्याच्या कागदावर मात्र प्रतिनिधी तोच राहिला. तो कायदा रद्द करा, ही संपाची एक मुख्य मागणी होती आणि सरकार त्याच मागणीवर अडून बसलं. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, माणसं गावी परतली, लालबाग-परळची चिमण्यांची रांग गेली.

या पराभवाचं खापर एकट्या सामंतांवर किंवा कामगारांवर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. मालकांना जुन्या गिरण्यांत पैसा घालायचा नव्हता, काम यंत्रमागांकडे वळत होतं, सरकारला उदाहरण घालून द्यायचं होतं. तरी एक गोष्ट टोचत राहते. गिरणी कामगारांनी नेता बदलला, पण जिथे सही होते ती जागा त्यांच्या हाती आली नाही. आणि गिरणीवार समित्या असूनही शेवटच्या निर्णयासाठी सगळ्यांचे डोळे एकाच माणसाकडे लागले होते. तुमच्या गटातही मला त्याचीच भीती वाटते. तुझ्या पत्रात एका मित्राचं नाव वारंवार येतं, तो बोलतो चांगला, घाबरत नाही, सगळे त्याला मानतात. उद्या त्याची बदली झाली, तो सस्पेंड झाला किंवा त्याला सुपरवायझरची बढती मिळाली, तर तुमच्याकडे काय उरतं?

त्याच मुंबईत 1928 साली वेगळं काहीतरी घडलं होतं. एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने संप चालला. त्यातून उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनचे अध्यक्ष अर्जुन आळवे स्वतः गिरणी कामगार होते. पण महत्त्वाचं हे की त्यांनी गिरणीगिरणीत समित्या बांधल्या. तक्रार तिथे ऐकली जाई, वर्गणी तिथे जमा होई, जॉबरची, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाची, दादागिरी तिथे अडवली जाई. वर्षअखेरीपर्यंत सभासद पन्नास हजारांवर गेले. पुढे मार्च 1929 मध्ये इंग्रज सरकारने कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवर भरलेल्या मेरठ कट खटल्यासाठी पुढारी पकडले गेले आणि त्या वर्षीचा संप फसला, हेही खरं. तरीसुद्धा कामगारांनी आपली संघटना खात्यापासून वर कशी बांधावी, याचा मला माहीत असलेला हा सगळ्यात जवळचा नमुना आहे.

तेव्हा निवडणूक बाजूला ठेव आणि कागदावर कारखान्याचा नकाशा काढ. प्रत्येक खातं, प्रत्येक शिफ्ट. कुठे तुमचा एक तरी भरवशाचा माणूस आहे आणि कुठे कोणीच नाही, ते लिहा. भरवशाचा म्हणजे मोठ्याने बोलणारा असं समजू नकोस. ज्याच्याकडे बाकीचे आपली अडचण घेऊन जातात तो. बऱ्याचदा हा माणूस राजकारण बोलत नाही, कुठल्या ग्रुपमध्ये नसतो, आणि तुम्हाला तो जुन्या नेत्याचा वाटत असतो. त्याच्याशी बोला. बोला म्हणजे ऐका. आणि छोटी कामं हातात घ्या: मशीनचा तुटलेला गार्ड, वेळेवर न मिळणारे सेफ्टी शूज, पीएफमधली चुकलेली नोंद, तिसऱ्या शिफ्टच्या बसचा घोळ. खात्यातल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन असं एक काम तडीस नेलं, की लोकांना तुमच्याविषयी जे कळतं ते दहा भाषणांतून कळणार नाही.

आता एक गोष्ट, जी तुला आवडणार नाही. तुमचा सरचिटणीस इतकी वर्षं केवळ दमदाटीवर टिकलेला नाही. मी अशी माणसं जवळून पाहिली आहेत. कुणाच्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी तो रात्रभर हॉस्पिटलमध्ये बसला, कुणाचं सस्पेन्शन त्याने शब्द टाकून उठवलं, कुणाच्या मुलाला ट्रेनी म्हणून लावलं. पन्नाशीतल्या कामगाराला हे सगळं आठवतं. त्यात एखाद्या जुन्या टाळेबंदीच्या आठवणी असतात, तेव्हा हाच माणूस गेटवर उभा होता. तुम्ही त्याला दलाल म्हणालात की त्या कामगाराला स्वतःचाच अपमान झाल्यासारखं वाटतं आणि तो मिटतो. म्हणून माणसावर बोलू नका, कारभारावर बोला. ज्येष्ठांना विचारा, की काका, त्या वेळचा करार सह्यांआधी सभेत आला होता ना? मग आता का येत नाही? ते स्वतःच सांगायला लागतील. खालची वेतनश्रेणी आज नव्यांना लागली, उद्या मॅनेजमेंटला जुने महाग वाटायला लागतील आणि व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची, यादी निघेल, हे त्यांना तुझ्याहून चांगलं समजतं.

कागदपत्रांची तयारी आत्तापासून कर. युनियनच्या घटनेची प्रत मिळव आणि निवडणूक कशी होते, सभा कोण बोलावू शकतं, किती सह्यांनी विशेष सभा मागता येते, थकबाकीदाराला मत आहे का, हे शोध. पॅनेलं बहुतेक वेळा या शेवटच्या मुद्द्यावर बाद होतात, तेव्हा तुमच्या प्रत्येकाची वर्गणी भरलेली आणि पावती हातात असू दे. हिशेबाची पुस्तकं आणि सभासदांची यादी पाहण्याचा सभासदाचा हक्क 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यापासून चालत आला आहे. 2001 च्या दुरुस्तीने पदाधिकाऱ्यांच्या मुदतीला तीन वर्षांची कमाल मर्यादा घातली. वार्षिक हिशेब तपासून रजिस्ट्रारकडे द्यावा लागतो. हे सगळं लेखी अर्ज करून मागा, पोच घ्या. आणि हातात कागद येईपर्यंत पैसे खाल्ल्याचा आरोप कुणावरही करू नका. ‘हिशेब दाखवा’ एवढीच मागणी पुरेशी आहे, तिला उत्तर द्यावंच लागतं.

कराराबाबत एक लक्षात ठेव. सरकारच्या समेट अधिकाऱ्यापुढे झालेला करार त्या आस्थापनेतल्या प्रत्येक कामगाराला बांधतो, तो तुमच्या बाजूचा असो की नसो. सही झाल्यावर आरडाओरडा करून फार थोडं हाती लागतं. म्हणून पुढचं मागणीपत्र तयार होताना तुमची खात्याखात्यातली माणसं तिथे असली पाहिजेत. आणि बोलणी चालू असताना मॅनेजमेंटसमोर आपल्या कमिटीची लक्तरं काढू नका. काम बंद करायची हाक कमिटीने दिली तर सगळ्यात आधी तुमचे लोक बाहेर दिसले पाहिजेत.

सांभाळून राहा, हे मी मनापासून सांगतो. ‘संरक्षित कामगार’, म्हणजे वाद चालू असताना मालकाला सहज काढता येत नाही असा कामगार, हा दर्जा युनियनच्या पदाधिकाऱ्यांना मिळतो, तुम्हाला नाही. ड्यूटीच्या वेळेत प्रचार नको, गेटवर धक्काबुक्की नको, कुणी उचकवलं तरी हात उचलायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं संध्याकाळपर्यंत एचआरच्या टेबलावर असतं असं धरूनच लिहा. दोघांना तरी डोमेस्टिक इन्क्वायरी, म्हणजे कंपनीची अंतर्गत चौकशी, कशी चालते ते शिकवून ठेवा. कुणी सस्पेंड झालाच तर त्याच्या घरी किती रुपये आणि कुठून जातील, हे आजच ठरवा. हे न ठरवता लोकांना पुढे करणं मला माफ न होण्यासारखं वाटतं.

पैशाचा मोहही येईल. मानेसरच्या मारुती कारखान्यात 2011 मध्ये तरुण कामगारांनी जुन्या युनियनला नाकारून आपली नवी उभी करण्यासाठी महिनोन् महिने झुंज दिली, आणि त्यांचे पुढारी कंपनीकडून पैसे घेऊन, हिशेब चुकता करून, नोकरी सोडून गेले. तरीही काही महिन्यांत कामगारांनी पुन्हा युनियन नोंदवली. पुढे जुलै 2012 मध्ये तिथे हिंसाचार झाला, एका अधिकाऱ्याचा जीव गेला, शेकडोंच्या नोकऱ्या गेल्या, अनेकजण वर्षानुवर्षं तुरुंगात राहिले. ते वाचताना आजही मन विषण्ण होतं. पण पुढारी निघून गेल्यावर तळातून संघटना पुन्हा कशी उभी राहिली, त्याचा अभ्यास कर.

तुझ्या पत्रात कंत्राटी कामगारांबद्दल आणि असेंब्लीतल्या मुलींबद्दल एक ओळही नाही. त्यांना युनियनचं सभासदत्व नाही म्हणून मतही नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच जुन्या कमिटीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तुम्हीही तेच करणार का? केरळात मुन्नारच्या चहामळ्यांत सप्टेंबर 2015 मध्ये हजारो बायका बोनस 10 टक्क्यांवर आणल्याच्या विरोधात रस्त्यावर बसल्या. युनियनचे पुढारी आले तर त्यांना हाकलून लावलं. पेंबिलै ओरुमै (स्त्रियांची एकजूट) या नावाने त्या ओळखल्या जाऊ लागल्या. नऊ दिवसांत त्यांनी एकूण 20 टक्के पदरात पाडून घेतले. कुठल्याच कमिटीत नसलेल्या बायकांनी ते केलं. नंतर मजुरीची बोलणी जिथे झाली तिथे खुर्च्या मात्र प्रस्थापित युनियन्सच्याच होत्या, आणि बायकांच्या गटातही फूट पडली. जिंकल्यानंतरचं काम कोण करणार, हे ठरलेलं नसलं की असं होतं.

अमेरिकेतल्या कोळसा खाण कामगारांचं तर याहून विदारक आहे. 1969 मध्ये जोसेफ याब्लोन्स्की हे युनियनचे अध्यक्ष टोनी बॉयल यांच्याविरुद्ध उभे राहिले. निवडणुकीनंतर काही आठवड्यांत त्यांचा, त्यांच्या पत्नीचा आणि मुलीचा घरात खून झाला. बॉयलना पुढे त्याच खुनांसाठी शिक्षा झाली. त्या संतापातून सभासदांनी स्वतःची फळी उभारली आणि 1972 च्या फेरनिवडणुकीत आर्नोल्ड मिलर हा साधा खाण कामगार अध्यक्ष झाला. मग त्यांनी, आता युनियनच आपली झाली असं म्हणून, ती फळी विसर्जित केली. नव्या नेतृत्वाला जाब विचारणारं आणि अडचणीत आधार देणारं, दोन्ही एकदमच गेलं. काही वर्षांतच खाणीतले लोक आपल्याच निवडलेल्या अध्यक्षावर चिडलेले होते.

तुमचं पॅनेल निवडून आलं तरी खात्याखात्यातली माणसं दर महिन्याला भेटत राहतील, आणि कमिटीवर गेलेला प्रत्येकजण त्यांच्यापुढे येऊन बसेल, हे आत्ताच लिहून सह्या करा. त्याच कागदावर हेही असू दे: कराराचा मसुदा सह्यांआधी सभासदांच्या हातात जाईल, त्यावर आणि कमिटीवर गुप्त मतदान होईल, हात वर करून नाही, हिशेब दर तिमाहीला नोटीस बोर्डावर लागेल, आणि दोन मुदतींनंतर माणूस मशीनवर परत जाईल. हा कागद तुमच्या त्या लोकप्रिय मित्रापुढे सगळ्यात आधी ठेव. तो शेवटच्या अटीवर किती वेळ अडतो ते बघ.

घटनेची प्रत आणि मागचे दोन करार मला पाठव, मी खुणा करून परत देईन. आणि पेंट शॉपच्या तिसऱ्या शिफ्टमध्ये तुमचं कोण आहे ते कळव. तुझ्या यादीत ती जागा रिकामी आहे.

तुझा,
काका