कार्ड, ॲप आणि हातउसने: आधी कोणते कर्ज फेडावे?

हातात ४६,००० रुपये पगार येतो. क्रेडिट कार्डाची १,२०,००० रुपयांची थकबाकी आहे, दोन ॲपवरून घेतलेल्या कर्जांचे ३५,००० रुपये आणि मित्राकडून हातउसने घेतलेले ३०,००० रुपये द्यायचे आहेत. यांपैकी आधी काय फेडावे आणि वीस तारखेलाच खाते रिकामे होते ते कसे थांबवावे, असे तुम्ही विचारले आहे. मी एका पगारदार नोकरांच्या पतसंस्थेत कर्जाचे काम पाहतो. त्या अनुभवावरून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण महिन्याची तूट बंद झाल्याशिवाय कर्ज फिटत नाही, फक्त याची टोपी त्याच्या डोक्यावर जाते.

तूट शोधायला बसले की बहुतेकांचे बोट चहा, हॉटेल आणि ऑनलाइन खरेदीकडे जाते. तो खर्च असतोच आणि तो कमी करायलाही हवा. परंतु अर्जासोबत येणारे बँकेचे उतारे वाचताना मला वारंवार आढळते की मोठी उचल जून महिन्यात, गणपतीच्या आधी आणि दिवाळीला होते. शाळेची फी, गावी जाण्याचा खर्च, दुचाकीचा विमा, सणाचे कपडे, नात्यातल्या लग्नाचा आहेर यांतले काहीही अचानक येत नाही, तरी त्यासाठी महिन्याच्या हिशेबात जागा नसते आणि मग ते सारे कार्डावर जाते. तुम्ही लिहिलेले असे वार्षिक खर्च मी एकत्र केले, तर ते साधारण ७२,००० रुपये होतात, म्हणजे महिन्याला ६,०००. तुमचा खरा पगार ४६,००० नसून ४०,००० आहे असे धरूनच घर चालवावे लागेल, आणि ते ६,००० रुपये पगाराच्या दिवशीच अशा वेगळ्या खात्यात जावेत की ज्याला यूपीआय जोडलेले नाही.

आता कर्जांकडे येतो. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरले, तर १,२०,००० रुपयांवर एका महिन्याचे व्याज ४,२०० रुपये होते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ७५६ रुपये, असे एकूण ४,९५६ रुपये. किमान देय रक्कम पाच टक्के, म्हणजे ६,००० रुपये भरली, तर मुद्दलातून फक्त १,०४४ रुपये कमी होतात. तुम्ही दर महिन्याला न चुकता भरत आहात आणि तरीही थकबाकी हलत नाही, त्याचे कारण हे आहे. शिवाय पूर्ण बिल भरले नसेल, तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज कार्डावर घेतलेल्या किराणा मालावरही आजपासूनच व्याज चढते. म्हणून कार्डाचा वापर थकबाकी फिटेपर्यंत संपूर्ण थांबवावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या नियमांमुळे कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार बंद करण्याची आणि मर्यादा कमी करण्याची सोय बँकेच्या ॲपमध्येच मिळते. हे काम आजच करून टाकावे, कारण रोजच्या निग्रहावर विसंबण्यापेक्षा व्यवहारच होऊ न देणे मला अधिक भरवशाचे वाटते.

तुमच्या कंपनीत कर्मचाऱ्यांची पतसंस्था आहे असे तुम्ही लिहिले आहे, आणि माझ्या मते तुमचा मार्ग तिथूनच जातो. समजा तिने १२ टक्के दराने, घटत्या शिलकीवर (म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून), दोन वर्षांसाठी १,२०,००० रुपये दिले, तर हप्ता सुमारे ५,६५० रुपये येईल. म्हणजे आज किमान रक्कम म्हणून जेवढे भरता त्याहून कमी भरून, चोवीस महिन्यांत, एकूण साडेपंधरा हजारांच्या आसपास व्याज देऊन हे कर्ज संपेल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ प्रमाणे सभासदाच्या लेखी संमतीने मालक हप्ता पगारातूनच कापून संस्थेकडे पाठवतो, त्यामुळे तो चुकण्याचा प्रश्न फारसा येत नाही. मात्र दोन गोष्टींचा गंभीरपणे विचार करावा. हप्ता थकला तर तुमच्यासाठी सही केलेल्या जामीनदाराच्या पगारातूनही वसुली होऊ शकते, आणि तो जामीनदार रोज तुमच्या शेजारी बसणारा सहकारी असतो. दुसरे असे की, कार्ड फेडून ते तसेच चालू ठेवणाऱ्यांवर वर्षभरात हप्ता आणि कार्ड अशी दोन्ही ओझी आलेली मी पाहिली आहेत, आणि त्यातून बाहेर पडणे पहिल्यापेक्षा खूप कठीण असते. कार्ड फिटले की लेखी मागणी करून ते बंद करावे. थकबाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद केलेच पाहिजे, अन्यथा तिला दिवसाला ५०० रुपये दंड द्यावा लागतो.

बँकेने कमी रकमेत तडजोड करण्याची तयारी दाखवली तरी घाईने होकार देऊ नका. काही रक्कम सोडून मिटवलेले खाते सिबिलच्या अहवालात पूर्ण फेडलेल्या खात्याप्रमाणे दिसत नाही आणि पुढे घरकर्जाच्या वेळी ते आडवे येते. तुमचे उत्पन्न पाहता तुम्हाला त्याची गरज नाही.

ॲपवरच्या कर्जांचे करारपत्र काढून त्यात सर्व शुल्क धरून वार्षिक दर किती दिला आहे आणि कर्ज देणारी बँक किंवा वित्तीय कंपनी नेमकी कोणती आहे, हे पाहावे. २०२२ च्या नियमांपासून ही माहिती देणे बंधनकारक आहे आणि फोनमधील संपर्कयादी वाचण्यास अशा ॲपना मनाई आहे. वसुलीचे फोनही सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. कोणी धमकावले तर त्या कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

मित्राच्या पैशांना व्याज नाही, म्हणून हिशेबाने त्यांचा क्रमांक शेवटचा लागतो. तरीही त्याला पहिल्या महिन्यापासून १,००० रुपये द्यावेत आणि बाकीचे कधी देणार हे स्वतःहून सांगावे, असे मला मनापासून वाटते. तुम्ही फोन टाळता असे लिहिले आहे. त्या टाळण्याने मैत्रीचे जे नुकसान होते, ते नंतर पूर्ण रक्कम देऊनही भरून निघत नाही.

पत्नीला यातले काही ठाऊक नाही, असेही तुम्ही म्हणता. त्यांना सांगितल्याशिवाय पुढचे काहीही टिकणार नाही. सहा हजार रुपये बाजूला का काढले, यंदा गावी रेल्वेनेच का जायचे, हे ज्या व्यक्तीला माहीत नाही तिच्याकडून काटकसरीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. सगळ्या रकमा, दर आणि हप्त्यांच्या तारखा एका कागदावर लिहून तो कागदच त्यांच्यापुढे ठेवावा.

तुमचे आकडे धरले तर घरभाडे ११,०००, पतसंस्थेचा हप्ता ५,६५०, ॲपचे हप्ते ५,५००, मित्राचे १,००० आणि वार्षिक खर्चाचे ६,००० वजा जाऊन घरखर्चाला १६,८५० रुपये उरतात. तिघांच्या घरासाठी ही रक्कम कमी आहे आणि पहिले सहा-सात महिने ओढाताण होईल. त्यानंतर ॲपची कर्जे संपतील. तेच ५,५०० रुपये मित्राकडे वळवले तर आणखी चार महिन्यांत त्याचेही पैसे फिटतील, आणि पुढे ती रक्कम पतसंस्थेच्या कर्जात जादा भरता येईल. मुदतीआधी भरल्यास शुल्क लागते का, एवढे मात्र अर्ज करतानाच विचारून घ्या.