किंग ऑफ टोकियोसाठी ‘पॉवर अप’ घ्यावं का, की मूळ खेळच पुरेसा आहे?

किंग ऑफ टोकियो म्हणजे राक्षस होऊन टोकियोसाठी मारामारी करायचा फाशांचा खेळ, आणि ‘पॉवर अप’ हा त्याला जोडायचा वेगळा डबा. “सगळे राक्षस नुसते दिसायला वेगळे, वागायला सारखेच” असं तुमच्याकडे कुणी म्हणायला लागलं असेल तर जरूर घ्या. अजून नियम विचारत विचारत खेळत असाल तर थांबा, मूळ खेळ आधी अंगवळणी पडू द्या.

नुसती कार्डं वाढून काय फरक पडणार, असं तुम्ही विचारलंय. फरक पडतो, आणि तो बदामामुळे पडतो. बदाम म्हणजे फाशाची जखमा भरणारी बाजू, आणि मूळ खेळात हीच सगळ्यात बिचारी. जीव पूर्ण १० असेल तर बदाम वाया. पटावरच्या टोकियोत बसला असाल तर जीव २ वर आला तरी वाया, कारण तिथे बदामाने जखमा भरत नाहीत. ‘पॉवर अप’मध्ये तीन बदाम जमले की आपल्या राक्षसाचं एक इव्होल्यूशन कार्ड, म्हणजे त्याच्या खास ताकदीचं कार्ड, उचलायचं, आणि हे टोकियोत असतानाही चालतं. म्हणजे आतापर्यंत डोळे झाकून परत फेकले जाणारे फासे आता हातात धरून विचार करावा लागतो: दोन बदाम आलेत, तिसऱ्यासाठी शेवटची फेक घालवू, की सरळ पंजे धरून हल्ला करू?

प्रत्येक राक्षसाची स्वतःची ८ कार्डं असतात. नेहमीची कार्डं सगळ्यांसमोर उघडी असतात आणि ऊर्जेचे हिरवे ठोकळे मोजून विकत घ्यावी लागतात. ही मात्र फुकट, आणि हवी तेव्हा खेळेपर्यंत हातात लपवून ठेवता येतात. काही एकदा वापरून संपतात, काही शेवटपर्यंत समोर राहतात. समोरच्याच्या हातात काहीतरी आहे हे दिसतं, काय आहे ते कळत नाही. टोकियो सोडायचं की आणखी एक फेरी तग धरायची, हे ठरवताना ते फार छळतं. मला तर मूळ खेळापेक्षा यातच जास्त मजा येते.

कुरकुर एकच. सगळी कार्डं सारखी ताकदवान नाहीत आणि तीन बदाम काही मागून येत नाहीत, त्यामुळे एखाद्याला अख्ख्या खेळात एकही कार्ड मिळत नाही. आम्ही सुरुवातीलाच प्रत्येकाला त्याच्या राक्षसाची दोन कार्डं देतो. एक ठेवायचं, एक परत. मग राक्षसाचा स्वभाव पहिल्या फेरीपासून दिसतो. सोबत पांडाकाई नावाचा एक जादा राक्षसही मिळतो. छान आहे, पण केवळ त्याच्यासाठी पैसे घालवू नका.

घेण्याआधी आवृत्ती मात्र तपासा. मूळ खेळ २०११चा, पहिला ‘पॉवर अप’ २०१२चा. २०१६च्या नव्या आवृत्तीत क्रॅकन आणि सायबर बनी गेले, स्पेस पेंग्विन आणि सायबर किटी आले. त्यांची कार्डं २०१७च्या ‘पॉवर अप’मध्ये आहेत. नव्या खेळाला जुना डबा जोडलात तर सायबर किटी घेणाऱ्याला एकही कार्ड मिळणार नाही, आणि ती मांजर हटकून सगळ्यात लहान खेळाडूलाच हवी असते.