कापसाचे पैसे, गुहागरचे दिवे

गुरुजी, नमस्कार.

इतर वाचकांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही हिंगणघाट तालुक्यातले, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, सहा एकर कोरडवाहू वावर. मुलगी गुहागरला दिलेली. ती आणि जावईबापू दोन खोल्यांचा होमस्टे चालवतात. समुद्राच्या अंगाला त्यांनी लाकडी डेक बांधलाय आणि त्यावर ३२ दिवे लावायचेत. तुमच्या ओळखीच्या नागपूरच्या दुकानदाराने १,९२,००० रुपयांचं कोटेशन दिलंय. पैसे तुम्ही देणार. विचारलंय एवढंच, की ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले मोडू, पीक कर्ज उचलू, की घरात पडलेला कापूस विकू?

बचत योजनेला हात लावू नका. त्या खात्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. तुमच्या १० लाखांना चौदा महिने झालेत, म्हणजे दोन वर्षांच्या आत मोडल्यावर दीड टक्का कापला जाणार. १५,००० रुपये तिथेच गेले. शिवाय ८.२ टक्क्यांनी दर तीन महिन्यांना येणारे २०,५०० थांबतील, ते वेगळंच. पीक कर्जाबद्दल तुम्ही लिहिता की तीन लाखांपर्यंत वेळेवर फेडलं तर व्याज शून्यावर येतं, मग काय बिघडलं? बिघडतं ते जूनमध्ये. बियाणं-खताचा पैसा गुहागरच्या डेकवर बसलेला असेल आणि परतफेडीला त्यातून उगवलेलं काहीच नसेल. कर्ज पिकासाठी असतं ही अट तर तुम्हाला मी सांगायला नको.

राहिला कापूस. ३० क्विंटल म्हणता. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा ८,११० रुपये हमीभाव पूर्ण मिळाला तरी २,४३,३०० होतात, आणि त्यातून वेचाई, फवारणी, उधारी आणि पुढच्या खरिपाची तजवीज वजा करायची आहे. उरलेल्यातून ६०,००० मुलीला द्यावेत, त्याहून जास्त नाही. चेकने किंवा खात्यावर द्या. वडिलांनी मुलीला दिलेल्या भेटीवर तिला आयकर लागत नाही. आणि पुण्याच्या मुलाच्या कानावर आधीच घाला. नंतर कळलं की रक्कम लहान असली तरी बोलणं मोठं होतं.

आता खरा मुद्दा, ते कोटेशन. तुम्ही लिहिलंय, "माझ्या अंगणातले असेच दिवे आठ वर्षं झाली, काही झालं नाही." होणारच नाही. आपल्याकडे ऊन रग्गड आहे, पण हवेत मीठ नाही. तुम्ही सोबत पाठवलेला मुलीच्या पडवीतल्या दिव्याचा फोटो मोठा करून बघा. प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी पूड जमलीय आणि तिथलाच रंग फुगून सुटलाय. बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, स्क्रू स्टीलचा. दोन धातूंमध्ये खारट ओल आली की अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं. कोटेशनमधले ३२ दिवे नेमके याच जातीचे आहेत, पावडर कोटिंगचं अ‍ॅल्युमिनियम. "आयपी ६५ आहे, समुद्रावर चालतं" हे दुकानदाराचं म्हणणं अर्धंच खरं. तो आकडा धूळ आणि पाण्याचा फवारा आत जात नाही एवढंच सांगतो, मिठाने बॉडी सडेल की नाही याबद्दल काही सांगत नाही.

मुलीचा हिशोब असा, की डेक उजळला तर खोलीमागे रात्रीला ५०० रुपये जास्त मिळतील. मिळतील असं धरू. (माझं मत विचाराल तर पाहुणा मासे आणि स्वच्छ संडास-बाथरूम बघून परत येतो, कठडा चमकतो म्हणून नाही.) १,९२,००० वसूल व्हायला ३८४ खोली-रात्री लागतात. पावसाळा वगळून वर्षाला १२० भरतात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे तीन वर्षांच्या थोडं वर. पडवीतल्या त्या दिव्याला दोनच पावसाळे झालेत. पैसे वसूल होण्याआधीच दिवे बदलायची वेळ येणार असेल तर हा धंदा नाही.

वीजबिलाची काळजी तुम्ही उगाच करता. ३२ दिवे, तीन वॅटचे, रोज पाच तास, २४० रात्री: सगळे मिळून ११५ युनिट. युनिटला १२ रुपये धरले तरी वर्षाचे १,४०० च्या आत. खर्च विजेचा नाही, बदलण्याचा आहे.

म्हणून दिवे कमी आणि धातू चांगला. पायऱ्या, उतार आणि जेवायला बसतात तो कोपरा, याला बारा दिवे पुरतात. ते पितळेचे घ्या किंवा ३१६ ग्रेडच्या स्टीलचे. पितळ काळवंडतं, हिरवट होतं, पण सडत नाही. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते मिठाला टिकतं. साधं ३०४ किनाऱ्यावर तांबूस डाग धरतं. स्क्रूसुद्धा ३१६ चेच. ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज दिव्यांसाठी कमी व्होल्टची करणारा डबा, घराच्या आत, भिंतीवर बसवा आणि डेकवर फक्त १२ किंवा २४ व्होल्टची लाइन न्या. वायर बारीक घेतली तर टोकाचे दिवे मंद पडतात, तिथे काटकसर नको. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हवीच, ओल्या डेकवर पाहुणे अनवाणी फिरणार आहेत.

कठड्यावरची समुद्राकडे तोंड केलेली दिव्यांची पट्टी पूर्ण काढून टाका. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं रात्री उजेडाच्या दिशेने चालतात आणि झगझगाट दिसला की समुद्र सोडून वस्तीकडे वळतात. दिवे खाली तोंड केलेले, पिवळसर असू द्या. तेवढाच खर्चही वाचतो.

सोलरचे स्वस्त दिवे जावईबापूंच्या मनात आहेत असं दिसतं. दोन-तीन चालतील, पण बॅटरी लवकर मान टाकते, त्यावर धंद्याचा उजेड नको.

नवं कोटेशन नागपूरहून नको, चिपळूण-रत्नागिरीकडच्या माणसाकडून मागवा. दिवा बिघडला तर येणार कोण? धातू कोणता, ड्रायव्हर कुठे, वायर किती जाडीची, हे कागदावर लिहून घ्या. गंजण्याला वॉरंटी आहे की नाही तेही लिहून घ्या, बऱ्याचदा नसते. दहा टक्के पैसे पहिला पावसाळा पार पडेपर्यंत हातात ठेवा. तुमच्या ६०,००० च्या वर जे लागेल ते मुलीने होमस्टेच्या गल्ल्यातून घालावं. उरलेल्या दिव्यांचं दोन हंगामांनंतर बघता येईल. आणि मुलीला सांगा, महिन्यातून एकदा दिवे गोड्या पाण्याने पुसायचे आणि जूनच्या आधी निघतील तेवढे काढून आत ठेवायचे.

कापूस विकला की नवं कोटेशन माझ्याकडे पाठवा, पैसे पाठवायच्या आधी.