‘पझेशन’ (1981) या चित्रपटात इझाबेल अजानीने इतका भडक अभिनय केला असूनही तिला कान चित्रपट महोत्सवात पुरस्कार कसा मिळाला? आणि त्या प्राण्याचा अर्थ काय?

भडक हा शब्द वाचला आणि लिहायला बसले. हाच शब्द आमच्या फिल्म सोसायटीच्या चिटणीसांनी भर सभेत वापरला होता आणि त्या दिवशी मला पुरतं बोलू दिलं नव्हतं.

पुरस्काराचं आधी सांगते. 1981 साली कानमध्ये अजानीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान दोन चित्रपटांसाठी मिळून दिला गेला. एक ‘पझेशन’, दुसरा जेम्स आयव्हरीचा ‘क्वार्टेट’. त्या दुसऱ्या चित्रपटात ती दबून, गप्प राहून सगळं सोसणारी बाई आहे. म्हणजे आवाज न चढवता काम करणं तिला उत्तम जमत होतं. ‘पझेशन’मध्ये ती किंचाळते ती समजून उमजून. पुढच्या वर्षी फ्रान्सचा सेझार हा चित्रपट पुरस्कार तर तिला एकट्या ‘पझेशन’साठी मिळाला. तेव्हा परीक्षक भुलले वगैरे म्हणण्यात अर्थ नाही.

आता आमच्याकडे काय झालं ते. चित्रपट मीच सुचवला होता. कानचं नाव बघून समितीने फार चौकशी न करता होकार दिला. कॅफेतल्या प्रसंगापर्यंत सगळे शांत होते. आठवतोय ना तो? मार्क आणि त्याची बायको अ‍ॅना, म्हणजे अजानी, घटस्फोटाच्या अटी ठरवायला भेटतात आणि कोपऱ्यातल्या बाकाच्या दोन बाजूंना बसतात. दोघांची तोंडं दोन दिशांना. मुलगा कोणाकडे राहणार हे बोलतानाही एकमेकांकडे बघायची सोय नाही. वेगळं होणाऱ्या नवरा-बायकोला इतकं नेमकं बसवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मग मार्क उठतो, खुर्च्या भिरकावत सुटतो आणि कॅफेतले लोक त्याला जमिनीवर दाबून धरतात. तिथे मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. स्वयंपाकघरात अ‍ॅना विजेची सुरी स्वतःच्या मानेला लावते तेव्हा काहीजण उठून गेले. आणि भुयारी रेल्वेच्या बोगद्यात, हातात सामानाची पिशवी घेऊन चाललेली अ‍ॅना आधी हसते, मग ती पिशवी भिंतीवर आपटते, दूध भिंतीवरून ओघळायला लागतं, तोच चिटणीस उठले. “हे जरा पुढे नेतो,” म्हणाले आणि नेलंच. मी जागेवरून नको म्हणत होते.

नंतरच्या चर्चेत त्यांचं म्हणणं असं, की बाई अंगात आल्यासारखी वागते, असं खऱ्या आयुष्यात कुणी वागत नाही, दिग्दर्शकाला फक्त धक्का द्यायचाय. माझा घटस्फोट तेव्हा ताजा होता. त्या खोलीतल्या बहुतेकांना ते ठाऊक होतं, म्हणून सगळे माझ्याकडे बघायचं टाळत होते. मी उभी राहिले आणि म्हटलं, वागतात. भांडण टोकाला गेलेलं असताना मी कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. एकच शर्ट उलगडायचा, पुन्हा घडी घालायची, पुन्हा उलगडायचा. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, किती शांत बाई आहे. आतून मी त्या बोगद्यात होते. दिग्दर्शक झुवाव्स्कीने फक्त आतलं बाहेर काढून दाखवलंय. एवढंच बोलून झालं आणि “वैयक्तिक नको” म्हणून विषय बंद करण्यात आला.

वैयक्तिक नको कसं? हा चित्रपट वैयक्तिकच आहे. आंजेय झुवाव्स्कीचं अभिनेत्री मावगोझाता ब्राउनेकशी लग्न मोडलं, त्यातून ही कथा आली. त्याआधी 1977 साली पोलंडच्या सरकारने त्याचा ‘ऑन द सिल्व्हर ग्लोब’ चित्रीकरण चालू असताना बंद पाडला होता. घर गेलं, काम गेलं, आणि मग त्याने पश्चिम बर्लिनमध्ये, घराच्या खिडकीतून बर्लिनची भिंत दिसेल अशा जागी हे चित्रित केलं. अशा माणसाला धक्का देण्याची हौस होती म्हणणं हा आळस आहे.

आणि तो बोगद्याचा प्रसंग गाळला की पुढचं काही लागतच नाही. आपल्यावर काय गुदरलं ते अ‍ॅना मार्कला सांगते, तेव्हा तो प्रसंग येतो. तिच्यातून काय गळून पडलं ते कळायची तीच जागा. 1983 साली अमेरिकेत वितरकांनी असंच केलं. 124 मिनिटांचा चित्रपट 81 मिनिटांवर आणला, प्रसंग मागेपुढे केले आणि नुसता भयपट म्हणून विकला. ब्रिटनमध्ये तो ‘व्हिडिओ नॅस्टीज’ म्हणून बदनाम झालेल्या कॅसेटींच्या यादीत गेला. चाळीस मिनिटं छाटायची आणि वर अर्थ लागत नाही म्हणायचं, याला मी परीक्षण म्हणत नाही.

प्राण्याचं थोडक्यात. अ‍ॅना लपवून ठेवते तो राक्षसी प्राणी कार्लो रांबाल्दीने बनवला, पुढच्याच वर्षी आलेल्या ‘ई.टी.’मधला परग्रहवासीही त्याचाच. चित्रपटभर तो हळूहळू मार्कसारखा होत जातो. इकडे मार्कला अ‍ॅनासारखीच दिसणारी शिक्षिका हेलन भेटते, सौम्य, हिरव्या डोळ्यांची. दोघांनाही जोडीदार तोच हवाय, फक्त दुरुस्त केलेला. शेवटी तो दुरुस्त केलेला मार्क दाराशी येतो तेव्हा “उघडू नकोस” असं त्यांचा लहानगा मुलगा बॉबच ओरडतो. बर्लिनची भिंत, देव, शीतयुद्ध असेही अर्थ लोक लावतात. लावू देत.

हे मान्य, की उत्तरार्धातली हेरगिरी आणि गोळीबार मलाही ढिसाळ वाटतात. आणि अशी भूमिका पुन्हा करणार नाही असं अजानीने नंतर सांगितलंय. नटीकडून इतकं पिळून घेणाऱ्या दिग्दर्शकाचं कौतुक मी करत नाही, कौतुक तिचं. तुमचं स्वतःचं प्रकरण सध्या कोर्टात असेल तर हा चित्रपट आत्ता पुन्हा बघू नका.

नसेल, तर तुम्ही कोणती आवृत्ती पाहिली ते आधी तपासा. 81 मिनिटांची असेल तर तुम्ही ‘पझेशन’ अजून पाहिलेलाच नाही. 2021 मध्ये अमेरिकेत पुन्हा लागलेली 4के प्रत पूर्ण आहे, ती मिळवा. आणि चार लोकांत दाखवणार असाल तर मध्ये काहीही पळवलं जाणार नाही हे आधी सगळ्यांसमोर ठरवून घ्या. ज्याला बघवत नाही त्याने बाहेर जावं. बाकीच्यांचा चित्रपट कापायचा अधिकार त्याला नाही, मग तो चिटणीस असो की आणखी कुणी.