वर्गातलं मूल 'बाई, मी आतून मुलगी आहे' असं सांगून गेलं, तर वर्गशिक्षिकेने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या आठवीच्या वर्गातला एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर मागे थांबला, "बाई, मी आतून मुलगी आहे, कुणाला सांगू नका" एवढं म्हणाला आणि दप्तर उचलून पळाला. वर्गातली मुलं त्याला 'बायल्या' म्हणतात. घरी कळवू का, मुख्याध्यापकांना सांगू का, आणि उद्या त्याच्याशी काय बोलू, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत 24 वर्षं मराठी शिकवते आहे. मी एकदा फार मोठी चूक केली, म्हणून हे उत्तर लिहिते आहे.

2009 साली नववीच्या एका वर्गाला मी 'माझी मे महिन्याची सुट्टी' हा निबंध दिला होता. एका मुलाने लिहिलं होतं, 'मी मामाच्या गावाला गेले. दुपारी विहिरीवर बसले. मामीबरोबर पापड लाटले.' आमच्याकडे कोल्हापुरात मुली सर्रास 'मी आलो, मी जातो' म्हणतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण मुलगा 'गेले, बसले' कधी लिहीत नाही. मी प्रत्येक क्रियापदाभोवती लाल गोल केला, समासात 'लिंग!' लिहिलं, पाच गुण कापले आणि वर त्याला उभं करून निबंध मोठ्याने वाचायला लावला. वर्ग हसला. मीही हसले. तो मुलगा नववी पास झाला आणि जूनमध्ये दहावीला आलाच नाही. मी हजेरीपटात त्याच्या नावापुढे 'सतत गैरहजर' असं लिहिलं आणि विसरून गेले.

आठ वर्षांनी एसटी स्टँडवर साडीतल्या एका तरुणीने माझ्या पायाला हात लावला. मला ओळख पटेना. तिने निबंधाची आठवण दिली, रागाने नाही, सहज. मी विचारलं, शाळा का सोडलीस? ती म्हणाली, "बाई, चिडवणं सोसलं असतं. पण मला दिवसभर मुतायला जायला जागा नव्हती. मी सकाळपासून पाणी प्यायची नाही."

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. उद्या त्या लेकराला कोपऱ्यात बोलावून भाषण देऊ नका. वही तपासताना हळूच एवढंच म्हणा, "तू मला सांगितलंस, ते माझ्याजवळ राहील. तुला काय हाक मारलेली आवडेल ते सावकाश सांग, घाई नाही." आणि एक गोष्ट तेव्हाच स्पष्ट सांगा: कुणी अंगाला हात लावत असेल, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात येत असेल, तर ते मात्र मला पुढे सांगावंच लागेल. लैंगिक छळाची माहिती कळल्यावर ती पोलिसांना देणं पोक्सो कायद्याने आपल्यावर बंधनकारक आहे, मग ते मूल मुलगा असो, मुलगी असो की तृतीयपंथी. आधी गुप्ततेचं वचन द्यायचं आणि नंतर ते मोडायचं, असं झालं तर ते पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. आणि त्याने काही सांगितलं नाही तरी वर्गातल्या हसण्याबोलण्यावरून तुम्ही कानोसा घेत राहाच.

या मुलांची कोंडी आपली भाषाच किती करते, हे मराठीच्या शिक्षिकेला कळायला हवं होतं. मराठीत 'मी' म्हटलं की पुढच्या क्रियापदात बहुतेक वेळा मुलगा की मुलगी हे सांगावं लागतं. ही मुलं मग काय करतात? कमी बोलतात. हात वर करत नाहीत. 'मला वाटतं', 'मला माहीत आहे' अशी वाक्यं शोधून बोलतात, कारण त्यांत ती अडचण येत नाही. तुम्ही ऐकत राहा, तुमच्या लक्षात येईल. हजेरी मी आता नावाने घेत नाही, क्रमांकाने घेते, आणि उत्तर 'हजर'. मुलांनी एका ओळीत आणि मुलींनी दुसऱ्या, ही सवयही सोडली. सगळ्या वर्गाची सोडली, म्हणजे कुणा एकाकडे बोट जात नाही. निबंधात कुणी वेगळं क्रियापद वापरलं तर मी आता गोल करत नाही.

आता मुतारी. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळं इथेच अडतं. मधल्या सुट्टीत मुलांच्या मुतारीत काय चालतं ते आपल्याला, बायकांना, कधी दिसत नाही. दार नसतं, मोठ्या वर्गातली मुलं घोळक्याने उभी असतात. तुमच्या शाळेत दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी बांधलेलं स्वच्छतागृह असेल. बऱ्याच शाळांत ते कुलूप लावून ठेवलेलं असतं आणि आत खडू, झाडू, जुने नकाशे असतात. ते रिकामं करून घ्या आणि 'ज्याला एकट्याने जायचं असेल त्याने इथे जावं' असं सगळ्या वर्गाला सांगा. आमच्याकडे पोट बिघडलेली मुलं, पाळी आलेल्या मुली आणि एक तोतरं बोलणारा मुलगाही तिथेच जायला लागला. किल्ली शिपाईमावशींकडे ठेवली, आणि किल्ली मागणाऱ्याला 'का?' विचारायचं नाही, एवढंच मावशींना सांगितलं. हे करायला मुख्याध्यापकांना त्या मुलाचं नावसुद्धा सांगावं लागलं नाही.

हाच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचाही अर्धा भाग झाला. मुख्याध्यापकांकडे सोय मागा, मुलाचं गुपित नेऊ नका. त्यांनी 'हे कशाला?' विचारलं तर सांगायला आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात तृतीयपंथी व्यक्तींचे मूलभूत हक्क मान्य केले. 2019 चा तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. शिक्षणसंस्थांनी भेदभाव करू नये आणि शिक्षण, खेळ, करमणूक यांत अशा मुलांना सामावून घ्यावं, असं त्यात लिहिलेलं आहे. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी 7 जून 2021 च्या आदेशात शाळा-महाविद्यालयांसाठी कुणालाही वापरता येईल अशी स्वच्छतागृहं, प्रवेशअर्जात तिसरा रकाना आणि समुपदेशक, अशा गोष्टी सुचवल्या होत्या. विशेष म्हणजे निकाल देण्याआधी, आपल्याला हा विषय नीट कळत नाही असं मान्य करून ते स्वतः मानसशास्त्रज्ञांकडे समजून घ्यायला गेले होते. एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस शिकायला बसला, हे मी स्टाफरूममध्ये मुद्दाम सांगते. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या आकडेवारीतही अलीकडे मुलगे आणि मुली यांच्याबरोबर तृतीयपंथी हा वेगळा आकडा दिला जातो, तेव्हा 'आपल्या शाळेत असलं काही नसतं' हे म्हणणं टिकत नाही. तृतीयपंथी मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं, यावर शिक्षकांसाठी एनसीईआरटीने 2021 साली एक पुस्तिका काढली होती. ती तक्रारींनंतर काही दिवसांतच संकेतस्थळावरून काढून टाकली. त्याचं मला फार वाईट वाटलं. वर्गावर एकट्या उभ्या असलेल्या शिक्षिकेला तिचा आधार झाला असता.

घरी कळवू का? नाही. त्याने हो म्हणेपर्यंत नाही. तुमचा हेतू चांगला आहे हे मला कळतं, पण आपण पालकसभेत एक वाक्य बोलून घरी जातो आणि रात्री त्या घरात काय होतं ते मुलाला भोगावं लागतं. मार बसतो, मोबाइल काढून घेतात, शाळा बंद करून मामाकडे किंवा कामाला धाडतात. आमच्या सीमाभागात आणखी एक वाट आहे: 'देवीचं आलंय' म्हणून मुलाला सौंदत्तीला नेतात, यल्लम्माला सोडतात. जोगत्यांच्या, म्हणजे असं देवीला सोडलेल्यांच्या, जगात या मुलांना निदान नाव आणि मान मिळतो, हे मी नाकारत नाही. पण तिथे गेलेलं पोर दहावीला परत आलेलं मी पाहिलेलं नाही. मला ते दहावीला बसायला हवं आहे.

घरच्यांना स्वतःहून कळलं आणि ते तुमच्याकडे आले, तर मात्र त्यांना उभ्या उभ्या परत पाठवू नका. आई बहुधा आधी रडते आणि विचारते, 'आमचं काय चुकलं?' तिला सांगा, काही चुकलेलं नाही. हा आजारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता 1990 मध्येच आजारांच्या यादीतून काढली, आणि आपला लिंगभाव, म्हणजे आपण मुलगा की मुलगी ही आतली जाणीव, शरीरापेक्षा वेगळा वाटणं हे 2022 पासून लागू झालेल्या नव्या वर्गीकरणात मानसिक आजारांत मोडत नाही. 'बरं करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे नेऊ नका. असे उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 साली कळवलेलं आहे. अशा मुलांच्या पालकांनी 2017 साली 'स्वीकार' नावाचा गट सुरू केला आहे. आपल्या लेखिका-दिग्दर्शिका चित्रा पालेकरांचं उदाहरणही मी पालकांना देते. त्या आपल्या समलिंगी मुलीबद्दल किती वर्षं उघडपणे, प्रेमाने बोलत आल्या आहेत. आईला शिक्षिकेपेक्षा दुसऱ्या आईचं बोलणं लवकर पटतं.

चिडवण्याबद्दल थोडक्यात. प्रार्थनेच्या वेळी व्याख्यान ठेवू नका, सगळ्यांच्या माना त्याच्याकडेच वळतील. 'बायल्या', 'छक्का' हे शब्द माझ्या वर्गात चालणार नाहीत, हे आईबहिणीवरच्या शिव्यांइतक्याच कडकपणे आणि कुणाचंही नाव न घेता सांगा. आणि उच्चारले गेले की प्रत्येक वेळी टोका, एकदाही सोडू नका. पीटीच्या सरांशी मात्र वेगळं बोला. 'जरा पुरुषासारखा चाल' हे वाक्य मी मैदानावर मुलांपेक्षा मोठ्यांच्याच तोंडून जास्त ऐकलंय. त्या पोरालाही 'तू थोडं नीट वागलास तर चिडवणार नाहीत' असं म्हणू नका, मायेनेसुद्धा नाही. एखाद्या मुलीने मुलीला लिहिलेली चिठ्ठी सापडली, तर तीही मुलामुलीच्या चिठ्ठीसारखीच परत द्या आणि तिथेच विषय संपवा.

फार एकटं वाटलं तर 1098 हा मुलांसाठीचा क्रमांक आणि 14416 ही टेलिमानसची मानसिक आरोग्यासाठीची मोफत सेवा त्याच्या वहीच्या मागच्या पानावर स्वतः लिहून द्या. 14416 वर मराठीतही बोलता येतं. सगळ्याच मुलांच्या वहीत लिहिलेत तर उत्तम.

दिवाळीनंतर सहल निघेल. मुक्कामाची असेल तर झोपायच्या खोल्यांची वाटणी आधी तुम्ही करा, आणि त्या लेकराला विचारून त्याच्या विश्वासातली दोन मुलं त्याच्याबरोबर ठेवा. आणि एप्रिल संपायच्या आत, नववीला त्याचा वर्गशिक्षक कोण होणार हे मुख्याध्यापकांना विचारून घ्या. जमलं तर तो वर्ग तुम्हीच मागा. नाही मिळाला, तर नव्या शिक्षकांना किती आणि काय सांगायचं ते त्यालाच विचारा. 15 जूनला शाळा उघडेल तेव्हा हजेरीत तो क्रमांक 'हजर' म्हणतोय का ते बघा, आणि नसेल म्हणाला तर त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जा.