गुलाबी बोंडअळीला बीटी कापसाची 'सवय' झाली, हीच नैसर्गिक निवड का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: बारावीच्या जीवशास्त्रात सजीव परिस्थितीशी जुळवून घेतात असे वाचायला मिळते, गावाकडे कापसाची बोंडे पोखरणाऱ्या गुलाबी बोंडअळीला बीटीची, म्हणजे कापसाच्या झाडातच तयार होणाऱ्या अळीनाशक विषाची, सवय झाली असे ऐकायला मिळते, तर विष खात खात अळी सहनशील झाली, यालाच नैसर्गिक निवड म्हणायचे का, आणि बीटी माणसाने आणलेले असताना या निवडीला 'नैसर्गिक' कसे म्हणायचे?

मी विदर्भात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि घरी कापूस असल्यामुळे ही अळी मला पुस्तकाच्या आधी शेतात भेटली. म्हणून उत्तर आधी सांगते आणि कारणे नंतर. एकाही अळीला बीटीची सवय झालेली नाही. ज्या अळ्यांना विष लागू पडत होते त्या विष खाऊन मेल्या, आणि ज्या वाचल्या त्या अंड्यातून बाहेर पडतानाच वेगळ्या होत्या. वाचलेल्यांची पिले वाढत गेली, त्यामुळे अळ्यांच्या समूहात वेगळ्यांचे प्रमाण वाढत गेले. समूहातील हे बदललेले प्रमाण म्हणजे उत्क्रांती, आणि प्रमाण बदलण्याचे जे कारण, म्हणजे काहींचे जगणे व इतरांचे मरणे, ती नैसर्गिक निवड.

घोटाळा आपल्या भाषेमुळेही होतो, असे मला अनेक वर्षे उत्तरपत्रिका तपासून वाटू लागले आहे. 'सवय होणे', 'जुळवून घेणे', 'पचवणे' ही सगळी क्रियापदे एका जीवाच्या एका आयुष्यात घडणाऱ्या गोष्टींची आहेत. लेहला गेलेला माणूस पहिले दोन दिवस धापा टाकतो आणि काही आठवड्यांत त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी वाढतात; त्याने खरोखरच जुळवून घेतलेले असते, पण परत खाली आल्यावर त्याला होणाऱ्या मुलाला त्या वाढलेल्या पेशी मिळत नाहीत. नैसर्गिक निवडीत जुळवून घेणारा असा कोणी कर्ता नसतो. 'अळीने बीटी पचवले' या वाक्यात ज्या अळीला आपण कर्ता करतो ती एक अळी नसून तिच्या पणज्या-खापरपणज्यांपासूनची सगळी वंशावळ असते, आणि त्या वंशावळीबाहेरच्या असंख्य अळ्या त्या वाक्यात दिसतच नाहीत, कारण त्या मेलेल्या असतात.

डिसेंबरमध्ये मी वर्गात हिरवी बोंडे घेऊन जाते. बाहेरून बोंड अगदी निरोगी दिसते, कारण अंड्यातून निघालेली अळी टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून आत शिरते आणि बोंड वाढताना ते छिद्र बुजून जाते. बोंड नखाने उकलले की आतला एखादा कप्पा पिवळसर-तपकिरी पडलेला दिसतो, दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि त्या सोडवल्या की पोखरलेल्या सरकीत गुलाबी पट्ट्यांची अळी वळवळते. हाच कप्पा पुढे उमलला तर त्यातून डागाळलेली कवडी, म्हणजे नीट न फुललेला खराब कापूस, निघते. बोंड बीटी वाणाचे आहे, अळी जिवंत आहे आणि धष्टपुष्ट आहे. विद्यार्थ्यांना मी विचारते की हिने विष खाल्ले नसेल का, आणि मग विषाच्या कामाकडे वळते.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिन्जिएन्सिस या जमिनीतील जिवाणूचे संक्षिप्त नाव. त्याचे क्राय प्रथिने बनवणारे जनुक कापसात घातलेले आहे. अळीच्या आतड्यात हे प्रथिन विरघळते, तिथल्या पेशींवरील ठरावीक रेणूंना चिकटते आणि पेशींना भोके पाडते; अळीचे खाणे थांबते आणि ती मरते. चिकटण्यासाठी लागणारा एक रेणू कॅडहेरिन या नावाचा आहे. आता एखाद्या अळीत कॅडहेरिनचे जनुक बिघडलेले असेल, तर विषाला बसायला जागाच मिळत नाही. कुलूपच वाकडे झाल्यावर किल्ली फिरणार कशी? भारतातील प्रतिकारक्षम गुलाबी बोंडअळ्या तपासल्या गेल्या तेव्हा त्यांच्या कॅडहेरिन जनुकात एकच नव्हे तर अनेक निरनिराळे बिघाड सापडले. प्रतिकार ही अळीने शोधलेली एखादी युक्ती असती तर ती अशी विस्कळीत दिसली नसती. जनुकाची नक्कल होताना झालेल्या निरनिराळ्या चुका मात्र अशाच दिसतात.

हे बिघाड विष येण्याआधीपासून होते कशावरून, अशी शंका एखादा चांगला विद्यार्थी घेतोच. तिचे सर्वांत स्वच्छ उत्तर १९५२ साली जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या शास्त्रज्ञ दांपत्याने जिवाणूंवर प्रयोग करून दिले. त्यांनी एका बशीत वाढलेल्या जिवाणूंच्या वसाहतींवर मखमलीचे कापड अलगद दाबले, तेच कापड औषध घातलेल्या बश्यांवर टेकवले, आणि रबरी शिक्क्यासारखी मूळ बशीची प्रत उठवली. औषधाच्या निरनिराळ्या बश्यांत तग धरणाऱ्या वसाहती त्याच त्याच जागी उगवल्या. मग मूळ बशीतील त्या जागेवरचे जिवाणू घेऊन पाहिले, तर ज्यांना औषधाचा स्पर्शही झाला नव्हता तेही प्रतिकारक्षम निघाले. औषधाने प्रतिकार निर्माण केला नव्हता, आधीपासून असलेला प्रतिकार फक्त उघड केला होता. इतक्या साध्या साहित्यात इतका मोठा प्रश्न सुटलेला पाहून मला दरवर्षी नव्याने आनंद होतो.

पुढचा भाग आकडेमोडीचा आहे, आणि तो टाळला तर नैसर्गिक निवड नुसती गोष्ट होऊन बसते. बोंडअळीतील हा प्रतिकार प्रामुख्याने अप्रभावी आहे, म्हणजे आई-बापांकडून मिळालेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच अळी बीटीवर जगते. एकच प्रत बिघडलेली असणारी मरते. उदाहरणापुरते धरून चालू की समूहात हजारात एक प्रत बिघडलेली आहे. तर हार्डी-वाइनबर्गच्या नियमाप्रमाणे, म्हणजे जनुकाच्या प्रमाणावरून अशा अळ्यांचे प्रमाण काढण्याच्या नियमाप्रमाणे, दहा लाख अळ्यांत दोन्ही प्रती बिघडलेली अळी सरासरी एक निघेल आणि एकच प्रत बिघडलेल्या १,९९८ निघतील. म्हणजे प्रतिकाराचे जवळजवळ सगळे भांडवल अशा अळ्यांत दडलेले असते ज्या स्वतः बीटीवर जगू शकत नाहीत. बीटीच्या शेतात त्या सगळ्या मरतात आणि मागे उरते ती एक. तिचा पतंग होतो. आता सगळे काही यावर अवलंबून असते की त्या पतंगाला जोडीदार कोण मिळतो. शेजारी बीटी नसलेला कापूस असेल, तर तिथून हजारो साधे पतंग उडत येतात, त्यांच्यापैकी एखाद्याशी मीलन होते, आणि सगळ्या पिलांना बिघडलेली एकच प्रत मिळते. ती पिले बीटीवर मरतात. सभोवार बीटीच असेल, तर जोडीदारही वाचलेल्यांपैकीच असतो आणि त्यांची सगळीच पिले बीटी खाऊन जगतात. एक मादी शंभर-दोनशे अंडी घालते आणि साधारण महिनाभरात पुढची पिढी तयार होते, हे लक्षात घेतले की पुढचे गणित आपण स्वतः करू शकाल.

बीटीच्या पाकिटातील ती वेगळी छोटी पुडी याच गणितासाठी होती. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे मिळे, आणि शेताच्या चहूबाजूंनी त्याच्या पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, जे जास्त असेल तितके, लावावे असा नियम होता. शेतकरी त्याला 'रेफ्युजी' म्हणत. बहुतेकांनी ते लावले नाही, आमच्या घरीही ते लावले गेले नाही. अळीला मुद्दाम खायला का घालायचे, हा वडिलांचा प्रश्न वाजवी होता, आणि ते पीक अळीसाठी नसून पुढच्या पिढीतील जोडीदारांसाठी आहे, हे त्यांना कोणीही समजावले नव्हते. यात शेतकऱ्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. नैसर्गिक निवड हा परीक्षेचा धडा म्हणून शिकवला गेला, शेतीचा धडा म्हणून कोणी शिकवलाच नाही.

घटनाक्रम असा की भारतात बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. पहिल्या वाणांत क्राय१एसी हे एकच प्रथिन होते. २००६ मध्ये क्राय२एबी या दुसऱ्या प्रथिनाची जोड असलेले वाण आले. गुजरातमधील अमरेली परिसरात पहिल्या प्रथिनाला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी २०१० पर्यंत निश्चितपणे नोंदली गेली होती, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात दोन्ही प्रथिने असलेल्या कापसाची बोंडे सर्रास किडलेली निघाली. दोन विषे एकत्र वापरण्यामागचा हिशेब उत्तम होता: दोन्हींना पुरून उरणारी अळी दहा लाखांच्याही दहा लाख पट दुर्मीळ असायला हवी होती. पण तो हिशेब दोन्ही विषे एकदम आली असती तरच लागू होता. इथे दुसरे विष सर्वत्र पसरेपर्यंत पहिले निकामी होऊ लागलेले होते, शिवाय एका प्रथिनाचे वाण शेजारच्या शेतात चालूच होते. त्यात फरदड घेण्याची, म्हणजे मुख्य वेचणीनंतरही तेच पीक पुढे ठेवण्याची पद्धत. पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी ठेवली की अळीला उपाशी राहण्याचा काळच उरत नाही आणि निवडीच्या आणखी एक-दोन पिढ्या त्याच हंगामात उरकतात.

मला या साऱ्यात सर्वांत बोलकी वाटते ती हिरव्या बोंडअळीशी तुलना. त्याच शेतात, त्याच बियाण्यावर, तितकीच वर्षे हिरवी अमेरिकन बोंडअळीही होती, आणि बीटी आणले गेले ते मुख्यतः तिच्यासाठी. तरी तिने गुलाबी अळीसारखा उच्छाद मांडला नाही. याची कारणे एकाहून अधिक आहेत, पण एक मोठे कारण तिच्या आहारात आहे. हिरवी अळी तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते. या पिकांत बीटी नाही, म्हणून तिच्यासाठी साऱ्या शिवारात आपोआपच रेफ्युजी पेरलेली असते. गुलाबी अळी कापूस आणि भेंडीसारखे त्याचे थोडे नातलग यांपलीकडे फारसे काही खात नाही, आणि देशातील ९० टक्क्यांहून अधिक कापूस बीटी झाल्यावर तिच्या साध्या पतंगांना वाढायला जागाच राहिली नाही. विष एकच, शेत एकच, निकाल मात्र वेगळा. अळीच्या 'इच्छेने' किंवा 'सवयीने' हा फरक समजावून सांगता येत नाही. कोण कोणाशी मीलन करतो आणि कोणाची पिले जगतात, याने तो लगेच समजतो.

हे केवळ मागाहून सुचलेले स्पष्टीकरण नाही, याची साक्ष अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात मिळते. तिथे १९९६ पासून बीटी कापूस होता, बिगर-बीटीचे पट्टे काटेकोरपणे लावले गेले, आणि शेतात प्रतिकार फोफावला नाही. २००६ पासून त्या पट्ट्यांच्या जागी नपुंसक केलेले पतंग विमानातून सोडले गेले, म्हणजे वाचलेल्या एखाद्या पतंगाला जोडीदार मिळे पण पिले होत नसत. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने देशाच्या मुख्य भूमीवरून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. कीड तीच, प्रथिने तीच.

आता 'नैसर्गिक' या शब्दाविषयी. कृत्रिम निवडीत माणूस मनात ठरवून पुढच्या पिढीचे आई-बाप निवडतो. खिल्लार बैलाची किंवा टपोऱ्या ज्वारीच्या कणसाची निवड तशी झाली. बीटीच्या शेतात प्रतिकारक्षम अळी कोणालाच नको होती, तिला कोणी निवडले नाही, ती फक्त मेली नाही. विष कोठून आले याने निवडीचा प्रकार ठरत नाही, निवडणारा हेतू होता की नव्हता याने ठरतो. म्हणून परीक्षेत हे उदाहरण नैसर्गिक निवडीखाली निःशंक लिहा. अळी अजून अळीच आहे, नवी जाती कुठे झाली, असा आक्षेप कोणी घेतला तर त्याला सांगा की उत्क्रांतीची व्याख्या समूहातील जनुकांच्या प्रमाणात पिढ्यांगणिक होणारा बदल अशी आहे. नवी जाती हा तिचा एक संभाव्य परिणाम आहे, अट नव्हे.

उत्तर लिहिताना 'अळीने प्रतिकारशक्ती विकसित केली' असे लिहू नका. 'प्रतिकारक्षम अळ्या जास्त जगल्या, त्यांची पिले जास्त झाली आणि समूहात त्यांचे प्रमाण वाढले' असे लिहा. वाक्य लांबते, पण त्यातील प्रत्येक क्रियापदाला खरा कर्ता मिळतो.

आपण शेवटी विचारले आहे की बीटी बंद केले तर अळी पुन्हा पहिल्यासारखी होईल का. कॅडहेरिन हा रेणू अळीच्या अंगात विषाची वाट पाहण्यासाठी नसतो, त्याचे स्वतःचे काम असते. म्हणून तो बिघडलेल्या अळ्या विष नसलेल्या कापसावर अनेकदा थोड्या मागे पडतात, आणि मग निवड उलट्या दिशेने चालू शकते. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकरित बीटीचे दुसऱ्या पिढीचे स्वस्त बियाणे पेरायला सुरुवात केली. मेंडेलच्या नियमाप्रमाणे त्यातील चौथा हिस्सा झाडे बिगर-बीटी निघाली, म्हणजे नकळत शेतभर रेफ्युजी विखुरली गेली, आणि तिथे डोके वर काढू लागलेल्या प्रतिकारक्षम गुलाबी अळ्यांचे प्रमाण पुढच्या काही वर्षांत खाली आले. आपल्याकडे त्या अळ्यांचे प्रमाण मुळातच फार वर गेलेले आहे. साधे पतंग जिथे मूठभरच उरले आहेत, तिथे उलटा प्रवास त्यामानाने बराच मंद असणार, आणि तोवर डिसेंबरअखेर पीक काढून टाकणे, पऱ्हाटी शेताच्या बांधावर न रचणे आणि मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांवर लक्ष ठेवणे हेच हातात आहे.