नातीचे पोट दुखते, बोलावणे आजीला का?

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलीचे शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखते. सोनोग्राफीसह सर्व तपासण्यांत काही निघाले नाही. बालरोगतज्ज्ञांनी समुपदेशन सुचवले. परंतु समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीला मला, यजमानांना आणि सासूबाईंनाही बोलावले आहे. ‘यात माझा काय दोष?’ म्हणून सासूबाई दुखावल्या आहेत. सर्वांनी जाणे आवश्यक आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जावे, असे माझे मत आहे. सासूबाईंची शंका मात्र अगदीच निराधार नाही. मानसोपचारतज्ज्ञ फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी १९४८ मध्ये स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचे मूळ आईच्या वागण्यात शोधले आणि पुढे कित्येक वर्षे अनेक मातांना मुलाच्या आजाराबरोबर हा ठपकाही सोसावा लागला. ती कल्पना पुराव्यांपुढे टिकली नाही. आपल्याकडे १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी नातेवाइकांना आवारातील तंबूंत रुग्णांसोबत राहू दिले व त्यांना उपचारातले भागीदार मानले. सासूबाईंना हे अवश्य सांगा.

घरच्यांना एकत्र बसवून होणाऱ्या अशा कौटुंबिक उपचारात कोणाच्या वागण्यावर कोण काय करते आणि त्यातून तेच ते पुन्हा कसे घडते, हे पाहिले जाते. समजा, मुलगी पोट धरून बसते, आई घाबरून शाळा बुडवू देते, त्यावर वडील चिडतात, ते चिडले म्हणून आजी नातीला जवळ घेते आणि मग पती-पत्नींमधला एखादा अवघड विषय मुलीच्या दुखण्यामागे दडून राहतो. दोघांमधला ताण तिसऱ्याला ओढून घेऊन सैल होतो, याला कौटुंबिक उपचाराचे एक प्रवर्तक मरे बोवेन यांनी ‘त्रिकोण’ म्हटले. आपल्या घरी असेच घडते असे मी म्हणत नाही. हे तपासण्यासाठीच सर्वांना एकत्र पाहावे लागते. मुलगी ढोंग करते, असाही याचा अर्थ नव्हे, कारण ताणाने आतड्यांची हालचाल आणि वेदनेची जाणीव बदलते व दुखणे खरोखरच होते.

याच क्षेत्रातील साल्वादोर मिनुचिन यांनी १९७४ च्या आपल्या ग्रंथात घरातील पिढ्यांमधल्या सीमारेषांवर, म्हणजे कोणाचा अधिकार कुठपर्यंत यावर, भर दिला. त्यांचे ऐकून ‘आजीने लक्षच घालू नये’ असा निष्कर्ष काढणारे समुपदेशक मला पटत नाहीत. आपल्या घरांत आजीचा अधिकार स्वाभाविकच असतो. अडचण होते ती आईने ‘शाळेत जा’ आणि आजीने ‘आज राहू दे’ म्हटल्यावर. सकाळचा निर्णय कोणी घ्यायचा, एवढे जरी पहिल्या भेटीत ठरले तरी पुष्कळ झाले.

दोन गोष्टी मात्र आग्रहाने मागून घ्या. मुलगी एकटी असतानाही समुपदेशकांनी तिच्याशी बोलावे, कारण शाळेतली छळवणूक किंवा कोणाचा नकोसा स्पर्श ती सर्वांसमोर सांगणार नाही. घरात मारहाण होत असेल, तर एकत्र बैठकीआधीच ते समुपदेशकांच्या कानावर घालावे. अशा वेळी एकत्र बसणे धोक्याचे ठरू शकते. समुपदेशन चालू असेपर्यंत शाळा पूर्णपणे बंद करू नका. वर्गशिक्षिकेशी बोलून अर्धा दिवस तरी पाठवा, कारण खाडे वाढतात तसे परतणे अवघड होते. वजन घटणे, शौचातून रक्त जाणे, ताप किंवा झोपेतून उठवणारी वेदना, यांपैकी काहीही दिसल्यास समुपदेशनाची वाट न पाहता पुन्हा बालरोगतज्ज्ञांकडे जावे.